दादाचा रिपोर्ट वाचताना

दादाचा बोन मॅरोचा रिपोर्ट वाचला. ‘अ‍ॅबनॉर्मल सेल्स’ या शब्दांनी तुझ्या तोंडचं पाणी पळालंय, ते कळतंय मला. पण आत्याची उभी हयात मायक्रोस्कोपपाशी गेली आहे, तेव्हा जरा ऐक.

ब्लास्ट म्हणजे कोवळ्या, अजून न घडलेल्या पेशी. त्या निरोगी मॅरोतही असतात, साधारण 5 टक्क्यांच्या आत. 20 टक्के किंवा जास्त निघाल्या की बहुतेक वेळा अक्यूट ल्युकेमिया म्हणतात. आकड्याआधी नमुन्याबद्दल काय लिहिलंय ते वाच. ‘हीमोडायल्युटेड’ म्हणजे त्यात रक्त मिसळलंय. मग तो आकडा पक्का धरायचा नाही. ‘ड्राय टॅप’ म्हणजे सुईत काही आलंच नाही. मॅरोत तंतू वाढले किंवा पेशी ठासून भरल्या की असं होतं. तेव्हा सगळी भिस्त बायोप्सीच्या तुकड्यावर.

कळकळीने सांगते ती गोष्ट बी-12ची. ते कमी पडलं की तांबड्या पेशी घडताना आकाराने फुगतात. बाहेरचा भाग पिकतो, केंद्रक मात्र कच्चंच राहतं. पांढऱ्या पेशींतही घोड्याच्या नालेसारखी मोठाली केंद्रकं दिसतात. हे चित्र एमडीएसशी इतकं मिळतंजुळतं असतं की अनुभवी माणूसही थबकतो. आणि एमडीएस हा रक्ताच्या कॅन्सरमध्ये मोडणारा आजार! दादा जन्माचा शाकाहारी, त्यात कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू. त्यानेही बी-12 उतरतं. त्याचं बी-12 आणि फोलेट तपासलंय का, हे उद्याच विचार. इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी रक्त द्यायला हवं, नंतरचा आकडा फसवतो. चालू औषधांची सगळी यादीही डॉक्टरांपुढे ठेव.

बायोप्सीचा रिपोर्ट मागाहून येतो, कारण हाडातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं. फ्लो सायटोमेट्री आणि क्रोमोसोमची तपासणी वेगळी. सगळं हाती आल्याशिवाय नातेवाइकांत काही बोलू नका. दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसते कागद नेऊन भागत नाही. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घे.

मात्र अंगावर जांभळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं किंवा ताप चढला, तर कशाचीच वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. एपीएल नावाच्या ल्युकेमियात सुरुवातीचा रक्तस्रावच जिवावर बेततो, आणि वेळेवर औषध मिळालं तर त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.