दाण्यातले विष आणि निळा उजेड

पावसात सापडलेल्या शेंगा आपण घरात पसरतो. तरी काही दाण्यांना बुरा येतो. तसले दाणे आपण निवडून टाकतो आणि म्हणतो, "राहू दे, म्हशीला घालू." इथेच घात होतो.

1960 साली इंग्लंडात टर्की पक्षी पटापट मरू लागले. टर्की म्हणजे कोंबडीच्या जातीचा, पण अंगाने मोठा पक्षी. लाखाहून अधिक पक्षी गेले. आधी साथ वाटली. पण रोगाचे जंतू काही सापडेनात! शोधता शोधता संशय खाद्यावर आला. त्यात ब्राझील देशातून आलेली भुईमुगाची पेंड होती. पेंडीत बुरशीने विष तयार केले होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. शिजवले तरी पुरते जात नाही. मग ओळखायचे कसे? उजेडाने. नोटा तपासायच्या दिव्यातून जे अतिनील किरण निघतात, तेच इथे कामी येतात. आधी पेंड दळून तिचा अर्क काढतात. बारीक भुकटीचा थर दिलेल्या काचेवर त्या अर्काचा थेंब ठेवतात. काचेची खालची कड द्रवात बुडवून ती उभी करतात. द्रव वर चढतो, तसे अर्कातले पदार्थ वेगवेगळे होतात. मग अंधार करून दिवा लावायचा. विष असले तर निळे किंवा हिरवे ठिपके चमकतात. निळ्याला 'बी' म्हणतात, हिरव्याला 'जी'. त्या रंगांच्या इंग्रजी नावांची ही पहिली अक्षरे. 'बी-1' सर्वांत वाईट. ते यकृत नासवते, कर्करोगही करते.

भरडलेल्या मक्यावर नुसता दिवा धरला तरी कधी पिवळसर हिरवी चमक दिसते. ती या विषाची नसते बरं का! बुरशीच्या दुसऱ्याच पदार्थामुळे ती येते. म्हणून चमकले तर विष असेलच असे नाही, आणि नाही चमकले तर निर्धास्तही होता येत नाही.

शिवाय पोत्यात विषारी दाणे थोडेच असतात. एका मुठीत ते येतीलच कशावरून? म्हणून वरचे, मधले, तळचे दाणे घेऊन, एकत्र दळून तपासतात. भारतात धान्यासाठी मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार किलोंत 15 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहून कमी!

1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत अवेळी पावसाने मका भिजला. तोच लोकांनी खाल्ला. कावीळ होऊन 106 माणसे दगावली.

आपल्या घरी असा दिवा नसतो. ऊन मात्र असते. शेंग कानाशी हलवावी. दाणा खुळखुळला की वाळली. आणि बुरा आलेले दाणे म्हशीलाही घालू नयेत, कारण ते विष रूप बदलून दुधात उतरते. दूध तापवले तरी ते जात नाही. त्याला 'एम' म्हणतात, आणि तेही त्याच दिव्याखाली निळे चमकते.