फी भरण्याआधी एकदा ‘का?’ विचारून बघा

‘चौकशी नीट करायला हवी होतीस’ हे मला इतक्या जणांनी ऐकवलं आहे की उत्तर एकदाचं लिहूनच टाकते. चौकशी केली होती. पुण्यात खराडीतले प्रोग्रामिंगचे दोन-तीन क्लास फिरले, फीचं पत्रक मागून घेतलं, नोकरी लागलेल्या मुलांची यादी पाहिली आणि त्यातल्या एका मुलीला फोनही केला. ती भरभरून बोलली. तिची ती नोकरी म्हणजे त्याच क्लासच्या ऑफिसात बसून फोन घेण्याची, हे पुढे कळलं. असं आधी कुणाला कळतं?

मी रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये आहे. संध्याकाळी कंपनीची बस वाघोलीच्या ट्रॅफिकमधून सुटून खराडी बायपासला सोडते, तिथून चंदननगरला खोलीवर. खोलीतल्या दोघी इऑन आयटी पार्कमध्ये जातात. तिघींचं शिक्षण सारख्याच वर्षांचं. पगारातला फरक सांगत नाही. इऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आसपासच्या टॉवरच्या सावलीत क्लासचे एवढे बोर्ड का लागतात ते उघड आहे. ‘नॉन-आयटी चालेल, गॅप चालेल, १०० टक्के प्लेसमेंट.’ हे बोर्ड वाचायला थांबतात ती माझ्यासारखीच माणसं, बीएस्सी, बीकॉम, मेकॅनिकल डिप्लोमावाली, लातूर-बीड-परभणीकडून आलेली. कष्टाची तयारी असलेली. त्याच तयारीवर त्यांचा धंदा चालतो.

काउन्सेलर बाई पहिल्या दिवशी मला ‘ताई’ म्हणत होत्या. चहा आला, ‘तुमचं लॉजिक छान आहे’ हेही आलं. (माझं लॉजिक त्यांनी कशावरून पाहिलं, देव जाणे.) फी ८५ हजार, हप्त्यावर. हप्ता म्हणजे क्लासकडे भरायचे पैसे असा माझा समज त्यांनीच करून दिला. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. अर्ज त्यांच्या लॅपटॉपवर भरला गेला, ओटीपी माझ्याकडून घेतला, कराराची प्रत मागितली तर ‘मेलवर येईल’. पूर्ण रक्कम क्लासच्या खात्यात गेली. म्हणजे मी शिकले काय, न शिकले काय, त्यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल झाले होते.

शिकवणं शनिवार-रविवार, भाषा जावा. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप हे सगळं दोन आठवड्यांत उरकलं. लूपच्या आत लूप कसा फिरतो हे वर्गातल्या निम्म्यांना उमगलेलं नसताना ऑब्जेक्ट ओरिएंटेड सुरू झालं, आणि तेही व्याख्यांनी. एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय, पॉलिमॉर्फिझमचे प्रकार किती. सर स्क्रीनवर टाइप करायचे, आम्ही बघून टाइप करायचो. चाललं तर टाळ्या, नाही चाललं तर ‘घरी बघा’. प्रोजेक्ट म्हणून हॉटेल मॅनेजमेंटची एक झिप फाइल ग्रुपवर आली. अख्ख्या बॅचचा तोच प्रोजेक्ट.

आता एका रविवारची गोष्ट. लॉगिनचा छोटा प्रोग्राम होता. सरांनी दोन चलांमध्ये एकच पासवर्ड लिहिला, मधे दोन बरोबरची चिन्हं टाकून तुलना केली, उत्तर ‘ट्रू’ आलं. मी तोच प्रोग्राम थोडा बदलून पासवर्ड कीबोर्डवरून घेतला. अक्षर न् अक्षर तेच, तरी उत्तर ‘फॉल्स’. तीन-तीनदा टाइप करून बघितलं. सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘चिन्हं काढ, तिथे इक्वल्स लाव.’ लावलं, चाललं. मी विचारलं, ‘सर, पण तुमचं त्याच चिन्हांनी चाललं ना? माझं का नाही?’ सर म्हणाले, ‘स्ट्रिंगला इक्वल्स लावायचं, एवढं लक्षात ठेव. इंटरव्ह्यूत एवढंच विचारतात.’ मी परत ‘का’ म्हटलं. त्यावर ते चिडले. ‘मॅडम, तुमच्यामुळे बॅच मागे राहते.’

चिडलेल्या माणसाचा चेहरा आणि उत्तर माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा यांतला फरक ओळखता येतो. मी लॅबमध्ये ट्रेनी मुलांना शिकवते. टायट्रेशनमध्ये रंग गुलाबी का झाला हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या रीडिंगवर मी सही करत नाही. त्या दिवशी चहाच्या टपरीवर बॅचमधल्या एका मुलाने सांगितलं की हे सर दोन बॅचमागचे विद्यार्थी आहेत, त्यांनाच अजून नोकरी लागलेली नाही, क्लासने शिकवायला ठेवून घेतलंय. मला सर म्हणून उभ्या असलेल्या त्या मुलाबद्दल राग नाही. त्याचीही तीच गत झाली होती. राग आहे तो त्याला फळ्यासमोर उभं करून आमच्याकडून ८५-८५ हजार घेणाऱ्यांचा.

उत्तर मी नंतर स्वतः शोधलं, आणि ते अवघड नाही. जावात त्या दोन चिन्हांनी मजकुराची तुलना होत नाही. दोन्ही बाजू मेमरीतल्या एकाच वस्तूकडे निर्देश करतात का, एवढंच पाहिलं जातं. कोडमध्येच लिहिलेले सारखे शब्द जावा एकदाच साठवतं, म्हणून सरांचं ‘ट्रू’. कीबोर्डवरून आलेला शब्द नवी वस्तू म्हणून तयार होतो, म्हणून माझं ‘फॉल्स’. इक्वल्स मात्र मजकूर बघतं. पाच मिनिटांची गोष्ट. पण ही पाच मिनिटं मिळाली असती तर मेमरी, वस्तू, निर्देश हे पुढचं सगळं मला त्याच दिवशी कळलं असतं. प्रोग्रामिंगचा पाया म्हणतात तो हाच.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात उरलेली फी परत मिळण्याबद्दल विचारलं. ‘ताई’ संपलं होतं. ‘मॅडम, पॉलिसीत रिफंड नाही.’ मग रेझ्युमे तयार करून देण्याच्या नावाखाली माझ्यापुढे एक कागद आला, त्यावर मी तीन वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर होते. त्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी नाही म्हणाले. तर काउन्सेलर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मग प्लेसमेंटची जबाबदारी आमची नाही.’ फॉर्म काढून दाखवला: तोंडी सांगितलेली १०० टक्के हमी छापताना नुसती ‘मदत’ झाली होती. आणि लोक म्हणतात, मी चौकशी केली नाही.

खोट्या अनुभवाबद्दल स्पष्ट सांगते, कारण अनेक घरांत याला ‘थोडं ॲडजस्ट करावं लागतं’ म्हणतात. कंपन्या नोकरी देताना जुन्या नोकरीची पडताळणी करतात, यूएएन क्रमांकावरून पीएफची नोंद तपासतात. पीएफ नसलेली तीन वर्षं तिथेच उघडी पडतात. नोकरी मुलाची जाते, नाव मुलाचं खराब होतं. तो खोटा अनुभव विकणारा क्लास पुढच्या बॅचची जाहिरात करत असतो.

आता शिकायचं कसं, ते विचारणाऱ्यांसाठी. मी क्लास सोडल्यावर पायथन घेतलं. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ही भाषा पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. पहिल्या प्रोग्रामला जावासारखी चार ओळींची पूर्वतयारी तिच्यात लागत नाही. भाषा कुठली यावर लोक फार भांडतात, त्यात पडू नका. ‘स्वयम्’ पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्स आहेत, नावनोंदणी फुकट. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधला कोर्स मी पाहिला. तो सोपा नाही, पण हा माणूस प्रत्येक पायरीला ‘का’ सांगतो. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे आहेत, त्यांतले बरेच मराठी आवाजात मिळतात. हे मला काउन्सेलर बाईंनी सांगितलं नाही, हे सांगायला नकोच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वहीचा. प्रोग्राम चालवण्याआधी वहीत रकाने आखायचे, प्रत्येक चलाला एक रकाना, आणि लूपच्या प्रत्येक फेरीला कुठली किंमत काय होते ते हाताने लिहायचं. मग चालवायचं आणि ताडून बघायचं. जिथे वही आणि स्क्रीन जुळत नाहीत, तिथे आपलं अज्ञान नेमकं सापडतं. कंटाळवाणं आहे, पण लूपच्या आतला लूप मला असाच कळला.

दुसरं, स्वतःच्या कामातलं काहीतरी घ्या. मी टायट्रेशनच्या रीडिंगची सरासरी काढणारा प्रोग्राम केला. त्यात एकदा दोन आकडे बरोबर असूनही जुळेनात. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. कारण एक-दशांश ही संख्या दोनाच्या पद्धतीत लिहिताना कधीच संपत नाही, आणि कॉम्प्युटर ठरावीक जागेत बसेल तेवढीच ठेवतो. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाने ही रीत पक्की केली. म्हणून दशांश संख्या कधी थेट बरोबरच्या चिन्हाने ताडू नयेत, फरक पुरेसा लहान आहे का ते बघावं. पुन्हा तोच प्रश्न, मशीनच्या लेखी ‘सारखं’ म्हणजे काय. या वेळी मात्र मला ‘बॅच मागे राहते’ म्हणणारं कुणी नव्हतं.

एरर आली की लाल अक्षरं बघून घाबरू नका. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचा. रोज थोडं करा, झोप काढा, इतरांशी तुलना करू नका. आणि चॅटजीपीटीकडून तयार कोड घेत असाल तर तो वहीत फिरवून बघा. न कळता चिकटवलेला कोड आणि ती झिप फाइल यांत फरक नाही.

तरीही क्लास लावायचा असेल तर डेमोच्या दिवशी नाही, मधल्या एखाद्या दिवशी चालू बॅचमध्ये बसू द्या म्हणा. सरांना वरचा पासवर्डचा प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल, ‘बघून सांगतो’ म्हणाले तरी चालेल; चिडले तर उठा. शिकवणारा प्रत्यक्ष कुठे काम करतो ते विचारा. स्वतःच्या फोनशिवाय दुसरीकडे कर्जाचा ओटीपी देऊ नका, आणि कर्जाची मुख्य माहिती असलेला कागद आधी मागा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत करारात लिहिलेली असते. माझी ती करार मेलवर येण्याआधीच संपली होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. हमखास निवडीचे आणि नोकरीचे खोटे दावे त्यांनुसार करता येत नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही. मी तक्रार केली आहे. बॅचमधल्या बाकीच्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं, म्हणून ती एकटीची आहे.

त्या बॅचमधल्या, किंवा असाच क्लास केलेल्या कुणाच्या हाती हे पडलं तर एवढंच सांगते. पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, जाहिरातीचे फोटो जपून ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं, आणि तुमची ती मुदत चालू आहे.