शेताच्या अक्षांश-रेखांशावरून पिनकोड कसा काढावा

मृदा आरोग्य पत्रिका चुकीच्या टपाल कार्यालयात गेली, तर पेरणीपूर्वी खताचे प्रमाण ठरविण्याची वेळ निघून जाते. मातीचा नमुना घेताना मोबाईलवर शेताचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. त्यांवरून पिनकोड काढण्याचे काम आर ही विनामूल्य संगणकभाषा शेकडो शेतांसाठी एकाच वेळी करते.

जिल्ह्यावरून अंदाज नको

श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा विभाग दर्शवितात, महसुली जिल्हा नव्हे. जळगाव शहराचा पिनकोड ४२५००१ व धुळे शहराचा ४२४००१ आहे. परंतु जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचा ४२४१०१, तर धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा ४२५४०५ आहे.

कृती

१. यादीत नोंद-क्रमांक, अक्षांश व रेखांश यांचे स्वतंत्र रकाने ठेवावेत. दशांशचिन्हापुढे निदान चार अंक असावेत. दोनच अंक ठेवल्यास शेताचे स्थान अर्धा ते एक किलोमीटर सरकू शकते.

२. आर भाषेतील एसएफ हा संच उघडून यादीचे बिंदूंत रूपांतर करावे. येथे रेखांश आधी व अक्षांश नंतर द्यावा. खानदेशात अक्षांश २० ते २२ व रेखांश ७३ ते ७७ यांच्या दरम्यान असतो. हे अंक उलट पडल्यास शेत आर्क्टिक महासागरात दिसेल.

३. टपाल खात्याची पिनकोड-सीमांची फाईल वाचावी. बिंदू व सीमा या दोहोंची निर्देशांक-पद्धती एकच, म्हणजे ४३२६ क्रमांकाची, असावी.

४. एसटी जॉइन ही आज्ञा द्यावी. बिंदू ज्या सीमेच्या आत पडतो, तिचा पिनकोड त्याच्यापुढे नोंदला जातो.

केवळ जवळचे टपाल कार्यालय शोधणे पुरेसे नाही. तापीकाठच्या शेताला पलीकडील कार्यालय सरळ रेषेत जवळ पडते. टपाल मात्र अलीकडून येत असेल.

पडताळणी

पिनकोडचा रकाना रिकामा राहिलेल्या व सीमेलगतच्या नोंदी वेगळ्या काढून स्थानिक पोस्टमास्तरांकडून तपासून घ्याव्यात. शिवाय शेत एका शिवारात व घर दुसऱ्या गावी, असे पुष्कळदा असते. पत्र घरी पोचावयाचे असते. म्हणून ग्रामसेवकाने राहत्या घराचा पिनकोड शेतकऱ्यास विचारून खात्री करून घ्यावी.