फी भरायच्या आधी माझं ऐक

ये, बस. तुझ्या आईचा फोन आला होता. बारावी झाली आणि पोरगी अँब्युलन्सवर जायचं म्हणतेय, तूच काय ते समजाव. समजावते कसली, कपाळ! मी स्वतः एका खासगी रुग्णालयाच्या अँब्युलन्सवर आहे, नको म्हणायला मला तोंड नाही. पण हातातला तो कागद आधी खाली ठेव. सहा महिन्यांत पॅरामेडिक, नोकरीची शंभर टक्के हमी! असं कुठे असतं का गं? 2021 साली केंद्राने आपल्यासारख्यांसाठी कायदा केलाय. त्यात या कामाला किमान दोन हजार तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांचं. सहा महिन्यांत फार तर प्रथमोपचार येतील. जिथे जाशील तिथे दोनच गोष्टी विचार: पदवी किंवा पदविका कोण देतं, आणि तिच्यावर राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी होते का. समोरचा विषय बदलायला लागला की पर्स उचलायची आणि निघायचं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. तुझ्या डोळ्यांसमोर 108 ची गाडी आहे, हो ना? आपल्या राज्यात ती 2014 मध्ये सुरू झाली, 937 गाड्यांनिशी. तिचं कॉल सेंटरही आपल्याच पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयात. पण इतर बऱ्याच राज्यांत या गाडीत पेशंटजवळ ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, बसतो. आपल्याकडे डॉक्टर बसतो, बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस झालेला. म्हणजे पॅरामेडिक होऊन थेट 108 वर जाईन, हा हिशेब इथे जुळत नाही. तुला काम मिळेल ते खासगी रुग्णालयाच्या गाडीवर, कॅज्युअल्टीत, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या दवाखान्यात. 108 चाच हट्ट असेल तर ‘नीट’ परीक्षा दे आणि साडेपाच वर्षं बीएएमएस कर.

आता कामाचं. सायरन वगैरे विसर, आधी पाठ बळकट कर. टिंगरेनगरातली जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला, आजोबा अंगाने भक्कम आणि जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. मग खुर्ची उघडायची, पट्टे आवळायचे. पायलट खालच्या बाजूला (ड्रायव्हरला आम्ही पायलट म्हणतो), मी डोक्याकडे, आणि एकेक पायरी उतरायचं. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटीत साखरपाणी घेऊन हजर! शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते फुप्फुसात जातं. हे काकूंना न दुखवता सांगता आलं पाहिजे. माझ्या मते निम्मं काम तेच आहे.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं दिसलं, तरी मी आधी बोट टोचून साखर बघते. साखर घसरली तरी माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. साखर ठीक असली तर घरच्यांना विचारायचं, शेवटचं धड कधी पाहिलंत? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून ती वेळ मी चिकटपट्टीवर लिहून पेशंटच्या बाहीला लावते. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच येतो. आणि हृदय थांबलं तर छाती दाबायची मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर सलग दोन मिनिटं करून बघ, दंड भरून येतात.

माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे आपल्या विश्रांतवाडीत येते ना, त्या दिवशी वैद्यकीय मदतीच्या मंडपात स्वयंसेवक म्हणून उभी राहा. पायाचे फोड, उन्हाने आलेली चक्कर, मधुमेहाची गोळी गावीच राहिलेली. रक्ताला घाबरतेस की नाही ते नंतर बघू. थकलेल्या माणसाशी दिवसभर गोड बोलवतं का, हे तिथे कळेल.

पगार? सुरुवातीचा आकडा ऐकून तुझे बाबा नाक मुरडतील, आणि त्यात त्यांचं फारसं चुकणार नाही. रात्रपाळ्या आहेत, दिवाळीला घरी नसशील. सासरच्यांचं पुढचं पुढे.

तरी मला विचारशील तर तुला जमेल, कारण तू लगेच आवाज चढवत नाहीस. फक्त पदवीच कर, शॉर्टकट नको. रविवारी कॉलेजांची यादी घेऊन ये, आपण एकेकाला फोन लावू. आईशी मी बोलते.