शाळामंडळ आणि शिक्षणाधीक्षक : अधिकारांची वाटणी

लोकांच्या करांवर चालणारी शाळा कोणाच्या सांगण्याप्रमाणे चालावी? कर देणाऱ्या लोकांच्या, की शिक्षणशास्त्र जाणणाऱ्या अधिकाऱ्याच्या? जेथे जेथे सार्वजनिक शिक्षण रुजले, तेथे तेथे हा प्रश्न उभा राहिला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा यासंबंधीचा इतिहास विशेष बोधप्रद असल्यामुळे आम्ही तेच उदाहरण येथे विचारार्थ घेत आहोत.

या प्रांतात १६४७ साली असा कायदा झाला की, ५० कुटुंबांच्या गावाने लेखनवाचन शिकविणारा शिक्षक नेमावा आणि १०० कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकविणारी वरची शाळा काढावी. पुढे १८२६ च्या कायद्याने प्रत्येक गावास स्वतंत्र शाळासमिती निवडणे भाग पडले. या समितीचे सभासद बहुधा गावचे धर्मोपदेशक, वकील, वैद्य वा व्यापारी असत. शिक्षकाची परीक्षा घेणे, पुस्तके ठरविणे, शाळेस भेट देऊन मुलांची प्रगती पाहणे ही सर्व कामे तेच करीत. गाव लहान होते तोवर ही व्यवस्था पुरली.

शहरे वाढली तशी तिची उणीव दिसू लागली. १८४५ साली बोस्टनच्या समितीने मुलांची छापील प्रश्नपत्रिकेवर लेखी परीक्षा घेतली, तेव्हा पाठांतर पुष्कळ आणि समज थोडी, असे आढळून आले. राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस होरेस मॅन यांच्या विचारांचा प्रभाव त्या काळी मोठा होता. अखेर १८५१ साली नेथन बिशप हे बोस्टनचे पहिले शिक्षणाधीक्षक झाले. अधीक्षक आला, परंतु समितीने आपले अधिकार सोडले नाहीत. विभागवार निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढत वाढत ११६ वर गेली. इतक्या धन्यांच्या हाताखाली एका तज्ज्ञाने काय करावे? १८७५ च्या कायद्याने ही संख्या २४ वर आणि १९०५ च्या कायद्याने अवघ्या ५ वर आणण्यात आली.

याच राज्यातील क्विन्सी या गावाने निराळा मार्ग दाखविला. तेथील समितीने १८७३ साली वार्षिक परीक्षा स्वतः घेतली. व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना साधे पत्र धड लिहिता येईना. दोष कोठे आहे हे समितीस कळले; पण तो दूर करण्याची विद्या आपल्यापाशी नाही, हेही तिने जाणले. १८७५ साली तिने फ्रान्सिस पार्कर यांना अधीक्षक नेमले आणि अध्यापनाच्या बाबतीत त्यांना मोकळीक दिली. पार्कर यांनी घोकंपट्टी बाजूस सारून निरीक्षण, संभाषण व लेखन यांवर भर दिला. क्विन्सीच्या शाळा पाहावयास दूरदूरचे लोक येऊ लागले.

यावरून एक तत्त्व निघते. शाळेने काय साधावे, त्यासाठी किती पैसा खर्चावा, शाळा कोठे बांधावी आणि कामाचा हिशेब कसा घ्यावा, हे लोकनियुक्त मंडळाने ठरवावे. ते कोणत्या रीतीने साधावे, हे अधीक्षकाने ठरवावे. खरा तंटा होतो तो शिक्षकांच्या नेमणुकीवरून. नेमणूक सभासदाच्या हाती असली की आप्तेष्टांची वर्णी लागण्याचे भय असते. आणि ज्या शिक्षकाची भाकरी सभासदाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो निर्भयपणे शिकवू शकत नाही. मॅसॅच्युसेट्सने १९९३ च्या कायद्याने ही गाठ सोडविली. समितीने अधीक्षक नेमावा, अधीक्षकाने मुख्याध्यापक नेमावेत आणि मुख्याध्यापकाने अधीक्षकाच्या संमतीने शिक्षक निवडावेत, असा क्रम ठरला. अंदाजपत्रक आणि सर्वसाधारण धोरण मात्र समितीकडेच राहिले.

परंतु कारभार सुटसुटीत झाला म्हणजे तो न्याय्य होतोच, असे नव्हे. बोस्टनची समिती ५ जणांची झाली आणि निवडणूक साऱ्या शहराची मिळून होत असल्याने अल्पसंख्यांचा आवाज तीत उमटेनासा झाला. १९७४ साली त्या पाचांत एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. समितीने जाणूनबुजून गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या, असा निर्णय त्या वर्षी २१ जून रोजी न्यायमूर्ती गॅरिटी यांना द्यावा लागला. तात्पर्य, मंडळ लहान असावे हे खरे, पण ज्यांची मुले त्या शाळांत शिकतात, त्या सर्वांना त्यात वाव असला पाहिजे.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका यांच्याकडे गेला. शिक्षणाची सूत्रे स्थानिक संस्थांच्या हाती फार सोपविली गेली, असे हार्टोग समितीने १९२९ साली म्हटले. पुढे १९४७ च्या कायद्यात स्कूलबोर्डाचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर सरकारनियुक्त ठरला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे तेथील स्कूलबोर्डही याच पद्धतीने चाले. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. क्विन्सीचा अधीक्षक मंडळाने स्वतः निवडलेला होता. आपला अधिकारी सरकारचा होता. त्यामुळे एकीकडे मंडळ आणि दुसरीकडे सरकार, अशा दोघांना उत्तर देणे त्याच्या वाट्यास आले. स्थानिक हस्तक्षेपापासून त्यास संरक्षण लाभले, पण हा आपणच नेमलेला माणूस आहे, ही लोकांची भावना उणावली.

म्हणून आम्हांस वाटते की, अधिकारांची वाटणी कायद्याने स्पष्ट करावी, हे तर खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. मंडळाने प्रश्न विचारण्याचा हक्क कधी सोडू नये आणि अधीक्षकाने उत्तर देण्याचे टाळू नये. एकाने दुसऱ्याचे काम बळकावले, तर त्याची किंमत भांडणाऱ्या दोघांना नव्हे, वर्गात बसलेल्या मुलांना मोजावी लागते.