संगणकाची स्मृती वाढविल्यानंतर

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण वसतिगृहात चौघांनी मिळून एक जुना लॅपटॉप घेणारे विद्यार्थी आमच्या शाखेतही पुष्कळ आहेत. यंत्र संथ झाले की वर्गणी काढून रॅम वाढवायची, आणि दोन दिवसांनी प्रकल्प टंकलिखित करीत असताना निळा पडदा येऊन सारे बंद पडायचे, हा प्रकार त्यांना परका नाही. दुकानात नेल्यावर बहुधा एकच उपाय ऐकू येतो, ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ या उपायाला माझा विरोध आहे. त्याने वर्षभराचे काम पुसले जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आधी रॅमची रचना पाहू. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचे पेटंट मिळाले तीच कल्पना आजही तिच्या मुळाशी आहे. प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटरमधील विद्युतभार सतत गळतो. गळक्या घागरींची रांग डोळ्यांपुढे आणा. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत त्या पुन्हा भराव्या लागतात. ८ जीबीच्या पट्टीत अशा घागरी ६,८०० कोटींहून अधिक! त्यांतली एखादी फुटकी निघाली की तेथला १ हा ० होऊ शकतो. तो छायाचित्रातला असेल तर एखादा ठिपका बदलेल. विंडोजच्या गाभ्यातला असेल तर यंत्र थांबेल. पण तो आपल्या निबंधाच्या फाइलीतला असेल, तर काहीच न कळता बिघडलेली फाइल जतन होईल. मला हा तिसरा प्रकार सर्वांत घातक वाटतो.

बिघाड लगेच का दिसत नाही? फुटकी घागर रांगेच्या टोकाला असेल, तर रॅम भरत जाऊन तेथवर पोहोचेपर्यंत सर्व सुरळीत चालते.

म्हणून पहिले काम म्हणजे नवी पट्टी काढून ठेवणे. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास तीही काढावी, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. आता जुन्या पट्टीवर यंत्र नीट चालत असेल, तर प्रथम आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. सदोष रॅम असताना घेतलेली प्रतही सदोष निघू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मग नवी पट्टी एकटी बसवावी. लॅपटॉपमध्ये ती तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या ‘टक्’ करून बसतात. अर्धवट बसलेली पट्टी हे बिघाडाचे फार साधे आणि फार वेळा आढळणारे कारण आहे. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर तपासणी होऊ द्यावी. एकही चूक क्षम्य मानू नये. चूक आली तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष. जुनी पट्टीही त्याच स्लॉटमध्ये चुकत असेल तर स्लॉट संशयास्पद.

एकेकट्या निर्दोष, पण जोडीने बंद पडतात, असेही घडते. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचाच वेगळ्या असल्याने ती गफलत सहसा होत नाही. परंतु डीडीआर३ ही १.५ व्होल्टवर चालते व डीडीआर३एल १.३५ वर; केवळ १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली चालेलच असे नाही. वेग भिन्न असल्यास दोन्ही पट्ट्या सामान्यतः कमी वेगाने चालतात, पण काही जोड्यांचे जुळतच नाही. टेबलावरच्या संगणकात बायॉसमधील एक्सएमपी बंद करून पाहावे, बायॉसची नवी आवृत्ती घालावी. तरीही जमले नाही तर एकाच संचातील दोन पट्ट्या घेणे बरे.

पट्टीच सदोष ठरली तर तपासणीतील लाल ओळींचे छायाचित्र काढून, पावतीसह दुकानदाराकडे जावे आणि हमीच्या मुदतीत बदलून मागावी. त्याने पुन्हा ‘फॉरमॅट’चा विषय काढला तर ते छायाचित्र त्याच्यापुढे ठेवावे.