दहा ऑर्डर आल्या, पण हातात काय उरलं?

व्हिडिओतला हिशेब इथे लिहून देतो, वहीत उतरवून घ्या.

आपल्या धावडा भागात मिरची पिकते. समजा, तुम्ही अर्धा किलो तिखट कमिशन घेणाऱ्या एखाद्या ऑनलाइन साइटवर २४० रुपयांना लावलं. मिरची आणि दळण १२५, पॅकिंग १२, कमिशन त्यावरच्या जीएसटीसकट ३०, कुरिअर ५५. उरले १८ रुपये.

दहापैकी नऊ पाकिटं पोचली, नफा १६२. दहावं फुटून परत आलं. माल १२५, पॅकिंग १२ आणि कुरिअर ५५ अंगावर पडलं तर गेले १९२. म्हणजे दहा ऑर्डरी करून ३० रुपये तोटा!

मग करायचं काय?

१. वजन बघा. कुरिअरचा दर वजनाच्या टप्प्यावर असतो. अर्धा किलो तिखट खोक्यासकट ५०० ग्रॅमच्या वर जातं आणि पुढच्या टप्प्याचे पैसे लागतात. ४०० ग्रॅमचं पाकीट करून बघा.

२. पॅकिंगमध्ये कंजुषी नको. पिशवी दुहेरी लावा. दोन रुपये वाचवायला जाऊन १९२ घालवू नका.

३. कागदपत्रं. एफएसएसएआय नंबर लागतोच. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीशिवाय, एनरोलमेंट नंबरवर विकता येतं. पण आपल्याच राज्यात. पुण्याला पाठवा, बऱ्हाणपूरला नाही.

दुकानात गिऱ्हाईक समोर असतं, ऑनलाइनला परत आलेलं पाकीटच समोर येतं. म्हणून आधी परतीचा खर्च धरा, मगच भाव लावा.